आमचं खमीर, नारायणचा डबा

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले होते. शाल त्यांच्या हस्ते होती म्हणून माईकही त्यांच्या हातात होता, आणि हातात आलेला माईक ते सोडत नाहीत हे आमच्या अख्ख्या शहागंज बाजाराला ठाऊक आहे. ते म्हणाले, "या मातीत खमीर आहे! आमच्या कचरूमामांच्या रक्तात खमीर आहे!" टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसून दातओठ खात होतो. अरे बाबा, मातीत खमीर नसतं. खमिरात माती पडली तर ते फेकावं लागतं. आणि माणसाच्या रक्तात खमीर निघालं तर त्याला दवाखान्यात नेतात, शाल पांघरत नाहीत.

ज्यानं खमिरात कधी बोट घातलं नाही त्यालाच या शब्दाचा फार पुळका. क्रिकेटची टीम हरली की हिच्यात खमीर नाही. पोरगं परीक्षेत आपटलं की त्याच्यात खमीर नाही. आमच्या भागात हा शब्द घरोघरी राबतो, त्याची माझी तक्रार नाही. बायका इडलीच्या पिठाला खमीर आलं का बघतात. हकिमाच्या दुकानात बरणीत खमीरा मिळतो, चमचाभर चाटला की म्हणे काळीज मजबूत होतं. कुणी वाईट निघाला तर आमच्या दुकानाचे चाचा म्हणायचे, "उसका खमीरच वैसा है." म्हणजे ज्या कणकेतून तो घडला तीच तशी. हे सगळं मला मान्य आहे. पण भाषणातलं खमीर ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ज्या दिवशी त्या पुढाऱ्यानं टाळ्या घेतल्या, त्याच दिवशी आमच्या भट्टीतलं खरं खमीर बंद झालं, आणि त्या मांडवात ते कुणालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या.

मी नान भाजायचो. आमचा नान म्हणजे हॉटेलात पनीरबरोबर येतो तो लांबट प्रकार नव्हे. आमचा ताटाएवढा गोल असतो. वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवल्यामुळं पिवळाधमक, खालून भट्टीच्या भिंतीचे डाग पडलेला. मटणाच्या कालियात, म्हणजे रश्शात बुडवून खायचा. भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मोठा रांजण समजा. खाली निखारे, आतल्या भिंतीवर नान थापायचा, फुगला की सळईनं काढायचा. काढताना हाताचे केस जळतात. माझ्या उजव्या हातावर अजून नीट केस येत नाहीत, डाव्यावर जंगल आहे.

हा नान फुगतो तो खमिरानं. सोप्या भाषेत सांगायचं तर विरजण. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालतात, तसा कालच्या आंबलेल्या कणकेचा गोळा आजच्या कणकेत घालायचा. त्यातलाच थोडा उद्यासाठी मडक्यात मागं ठेवायचा. त्याला रोज पीठ-पाणी द्यायचं. थंडीत उबेला ठेवायचं, उन्हाळ्यात गारव्याला. एक दिवस विसरलात तर रुसतं, चार दिवस विसरलात तर मरतं. आमच्या दुकानाचे मालक आणि माझे उस्ताद सत्तारचाचा सांगायचे की मडक्यातलं खमीर त्यांच्या आजोबांनी सुरू केलेलं.

मी पाचोडहून कामाला आलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मडक्यावरचं फडकं उचललं तर आंबूस भपकारा आला आणि वर बुडबुडे. मला वाटलं, नासलंय. नवीन माणसानं कामाला वाघ आहे हे दाखवायला हवं, म्हणून मडकं उचलून नालीकडे निघालो. चाचांनी मनगट धरलं.

"किसकू डालरा नाली में?"

"खराब हो गया चाचा."

"मेरे दादाकू नाली में डालरा तू."

पहिल्या सुट्टीला मी घरी नान नेला. आईनं तो दाबून बघितला आणि कच्चा आहे म्हणून तव्यावर पुन्हा भाजला. विहाराच्या कट्ट्यावर वडील सांगत होते, पोरगं बेकरीत लागलं, आता बिस्किटाला तोटा नाही. बिस्किट मी आजतागायत बनवलेलं नाही.

तर खमीर. त्याचा आमच्या धंद्यात एक कायदा होता. खमीर विकायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मग तो समोर दुकान टाकून बसलेला का असेना. शेजारची बेकरी न्यायची, दावतीचे बावर्ची न्यायचे. नेताना दोन गोष्टी बोलायचे, आमच्या कळशीतलं पाणी प्यायचे, "चलतूं मियाँ" म्हणून जायचे.

आणि नारायण न्यायचा.

नारायण जिलबीवाला. आमच्यापासून दुसरं दुकान. दुकान म्हणजे एक कढई आणि तिच्यामागं नारायण. जिलबीच्या मैद्यालाही खमीर लागतं. तो दर आठवड्याला स्टीलचा डबा घेऊन यायचा, डबा पुढं करायचा, म्हणायचा, "दे." मी गोळा टाकायचो. तो झाकण लावायचा, पाठ फिरवायचा आणि चालायला लागायचा. हूं नाही, चूं नाही, मागं वळून बघणं नाही. जसा काही मी त्याच्या बापाचा नोकर आणि खमीर त्याच्या सातबाऱ्यावर लागलेलं.

मला हे सहन व्हायचं नाही. मी कधी मुद्दाम लहान गोळा द्यायचो. कधी त्याच्या पाठीवर मोठ्यानं म्हणायचो, "साधं शुक्रिया म्हणायला जीभ झिजती काय लोकांची!" तो वळायचा नाही. चाचा गल्ल्यावर तसबीहचे मणी सरकवत बसलेले असायचे. तेही काही बोलायचे नाहीत. मी मनातल्या मनात त्या माणसाशी वर्षानुवर्षं भांडलो, आणि मनातलं भांडण रोज पीठ-पाणी दिल्यासारखं फुगत गेलं.

एका हिवाळ्यात मोठ्या लग्नाची दावत आमच्याकडं आली. नेमकी जालन्याला चाचांच्या बहिणीच्या घरी मयत झाली आणि चाचा तिकडं गेले. जाताना म्हणाले, "कचरू बेटा, मटका तेरे हवाले." दावत दुसऱ्या दिवशी दुपारची. चाचा नेहमी एक लहान गोळा वाडग्यात वेगळा झाकून ठेवायचे, मडक्याला काही झालं तर असावा म्हणून. मला वाटलं, एवढी मोठी दावत आहे, वाडग्यातला कशाला वाया घालवायचा? तोही मडक्यात ढकलला. थंडी कडक होती, खमीर वर यायला तयार नव्हतं. माझ्या सुपीक डोक्यात आलं, भट्टीच्या काठावर ऊब आहे, तिथं थोडा वेळ ठेवू.

ठेवलं आणि चहाला बाहेर आलो. बाहेर आमच्या पायरीसमोर पाकाच्या कढईचं धुतलेलं पाणी, आणि त्यावर शहागंजातल्या समस्त माश्यांची दावत.

"नारायण, हे गोड पाणी तुझ्या दारात वत."

"माझ्या दाराला उतार नाय."

"मग उतार होईपर्यंत कढई धुऊ नको."

"तुमच्या राखंनं माझी बुंदी काळी हुती, तवा मी आलतो व्हय सांगायला?"

"काळी तर ती आधीपासूनच हाय. राखंवर कशाला ढकलतो?"

लोक जमले. लोक जमले की मला चेव येतो, हा माझा जन्मजात दोष. त्याच्या बुंदीवरून मी त्याच्या पाकावर गेलो, तो माझ्या थोबाडावर आला. चहावाल्यानं मध्यस्थी म्हणून दोघांना चहा दिला, तो पिता पिता पुन्हा सुरू झालं. मी जिंकलो. म्हणजे नारायण कढईकडं वळला आणि मी लोकांकडं बघून मिशीवर हात फिरवला.

आत आलो तर काय सुंदर वास. ताज्या भाजलेल्या नानचा. क्षणभर मला भूक लागली. मग ध्यानात आलं, आज अजून भट्टीत काहीच लावलेलं नाही.

मडक्यात हात घातला. वर कडक कवच, आत गरम लगदा. चाचांच्या आजोबांना मी भाजून काढलं होतं.

मडक्यात नान भाजणारा जगातला पहिला माणूस म्हणून माझा सत्कार त्याच दिवशी व्हायला हवा होता. तेव्हा पुढाऱ्यांना सुचलं नाही.

मी घाबरलो नाही. कायदाच तसा होता. आपण सगळ्यांना दिलं, आता कुणाकडूनही गोळाभर आणायचा. डबा घेऊन शेजारच्या बेकरीत गेलो. मालक म्हणाला, "मियाँ, वो तो कबका बंद किया. अब पुडी आती ना यीस्ट की." पुडी फोडली, कोमट पाण्यात टाकली, चहा होईपर्यंत कणीक वर. मी म्हणालो, "मग आमच्याकडनं नेत होतात ते?" म्हणाला, "अब्बा के टाइम का." आणि मोबाईल बघायला लागला.

बस पकडून दौलताबादला गेलो. तिथं एक बावर्ची राहायचा, आमचं खमीर घराघरात वाटणारा. बावर्ची कामावर, घरात त्याची बायको. मी डबा पुढं केला. ती म्हणाली, "भाऊ, कोण रोज त्याची सेवा करंल? लेकरापरीस जास्त करावं लागतं त्याचं. वास बी येतो. टाकून दिलं." तिनं मला चहा पाजला, वर ताज्या सीताफळांचा वाटा दिला. रिकामा डबा आणि सीताफळं घेऊन मी किल्ल्याखाली बसची वाट बघत उभा होतो आणि असा भडकलो होतो की विचारू नका. सगळ्यांनी नेलं, कुणीही ठेवलं नाही. मागायला सगळे, राखायला एकटं आमचं मडकं. आणि ते मडकं भट्टीवर कुणी ठेवलं, हा प्रश्न मनात आला की मी घाईघाईनं पुन्हा त्या बेकरीवाल्यावर चिडायचो.

नारायणकडं असेल हे मला माहीत होतं. तो पुडीवाला नव्हता, त्याच्या जिलबीला ती आंबूस चव होती. बसमधून उतरून मी त्याच्या दुकानावरूनच आलो. त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मी सीताफळांकडं बघितल्यासारखं केलं आणि पुढं गेलो. त्याच्याकडं मागायचं? ज्यानं कधी शुक्रिया म्हटलं नाही, त्याला मी आता "दे" म्हणायचं? मेलो तरी नाही.

चाचा जालन्याहून आले. त्यांनी मडक्यात बघितलं, कवचावर बोटानं टकटक केलं. चिडले की ते मला फार आदरानं बोलायचे.

"गायकवाडसाहब, ये क्या पकाए आप?"

मी सगळं सांगितलं. कुठं कुठं गेलो तेही. त्यांनी विचारलं, "बस? और कहीं नहीं गए?" मी म्हणालो, नाही. त्यांनी मडक्यावर फडकं टाकलं. मग म्हणाले, "पुडी लाओ."

"चाचा, पुडी का नान?"

"निकाह नानकू रुकता क्या? मेहमान भूखे बैठाऊं?"

मला चाचांचाही राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर पुडीला हात लावला नाही त्यानं एका मिनिटात "पुडी लाओ" म्हणावं? मी आणली. आम्ही नान भाजले. दिसायला तसेच, पिवळेधमक, फुगलेले.

दावतीत मी मुद्दाम मांडवात जाऊन उभा राहिलो. कुणीतरी घास तोंडात घालील आणि थांबेल, विचारील की आज नानला काय झालं, याची वाट बघत. खमिराच्या नानला मागून एक हलकी आंबट चव येते, कालिया तिच्यावरच बसतो. तो दुसऱ्या दिवशी चहाबरोबरही मऊ लागतो. पुडीचा नान संध्याकाळपर्यंत चपलेचा तळ होतो. हे खाणाऱ्याला कळायला नको? पंगतीमागून पंगती उठल्या. एक म्हातारे गृहस्थ बोटं चाटत म्हणाले, "वाह, वही पुराना स्वाद." मला वाटलं, त्यांच्या हातातला नान काढून घ्यावा. तीन पिढ्या आम्ही कुणासाठी ते मडकं जपलं? या जिभांसाठी? शिव्या खायला मी तयार होतो. मला शाबासकी मिळाली, आणि तिच्याइतका अपमान माझा कुणी केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामं मडकं घासत होतो. दारात नारायण उभा. हातात डबा, चेहरा उकळत्या तेलासारखा.

"कचऱ्या, भायेर ये."

"आता काय झालं? पाणी वतून झालं काय?"

"दौलताबादला गेलता तू. बशीनं गेलता. माझ्या दुकानावरनं गेलता."

"रस्ता तुझा हाय का?"

"तुमचं खमीर मेलं, अन् माझ्या दारात आला नाय. सगळा बाजार मला इचारतोय, तू नाय म्हणला व्हय रे त्याला? माझ्या बापानं असलं कधी ऐकलं नव्हतं. इज्जत घातली माझी."

"इज्जतीचं तू मला सांगतो? इतकी वर्षं नेतोय, एकदा तरी शुक्रिया म्हणला का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून चाचांकडं. चाचांच्या हातातली तसबीह थांबली होती.

"चाचा," नारायण म्हणाला, "याला सांगितलं नाय तुमी?"

"मैं समझा उसकू मालूम है," चाचा म्हणाले, आणि मग ते असे हसायला लागले की त्यांना खोकला लागला.

कायद्याचं तिसरं कलम मला कुणी सांगितलंच नव्हतं. खमिराचा शुक्रिया म्हणत नाहीत. शुक्रिया म्हटलं की हिशोब मिटला, आणि खमिराचा हिशोब मिटवायचा नसतो. आज तुम्ही ज्याला दिलं, उद्या तुमचं गेलं तर त्याच्याकडूनच परत आणायचं. म्हणून घ्यायचं, पाठ फिरवायची, सरळ चालायचं. बाकीचे गप्पांच्या नादात सवयीनं पाळायचे म्हणून मला कधी जाणवलं नाही. नारायण काटेकोर पाळायचा. त्याच्या बापानं शिकवलेलं.

म्हणजे बाजारातला जो एकटा माणूस कायदा पाळत होता त्याच्याशीच मी भांडत आलो होतो. आणि त्याच्याशी भांडता भांडताच मडकं भाजलं होतं. हे सगळं एकदम डोक्यात आलं तेव्हा मला स्वतःचा इतका राग आला की रडूच फुटायला आलं. नारायणनं डब्याचं झाकण काढलं. आत खमीर, बुडबुडे येणारं, जिवंत.

"धर. तुमचंच हाय. माझ्याकडं राहिलंय नुसतं."

मी डबा घेतला. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "शुक्रिया, नारायण."

त्यानं कपाळावर हात मारला. "घ्या. मारलं पुन्यांदा."

मेलं नाही. पण त्याच्या डब्यात जिलबीचा, वेलचीचा वास मुरलेला होता. काही दिवस आमच्या नानला तो यायचा. दावतीत शेकड्यानं माणसं जेवली, कुणाला काही कळलं नव्हतं. आता एक रिक्षावाला नान तोडता तोडता थांबला, हुंगला आणि कुरकुरला, "क्या मियाँ, आज नान मीठा कायकू बास मारराय?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याला मी शेवटपर्यंत भट्टीतला पहिला नान काढून ठेवत आलो. तो समजत राहिला, तक्रार केली म्हणून घाबरलो.

पुढं काही वर्षांनी चाचा वारले. दुकान त्यांच्या मुलाकडं, इरफानकडं आलं. पोरगं वाईट नाही. त्यानंच माझा निरोप ठरवला, मांडव घातला, पुढारी बोलावले. आणि कार्यक्रमाच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आपके बाद मटका कौन देखेगा? सोमवार से पुडी. आप घर ले जाओ, यादगार." एका हातानं शाल आणि दुसऱ्या हातानं मडकं. म्हणून ते भाषण ऐकताना मी दातओठ खात होतो. म्हणे मातीत खमीर आहे. समोरच्या भट्टीतून निघालं ते दिसत नाही, मातीतलं दिसतं.

मी मडकं घरी आणलं. बायको म्हणाली, "स्वयंपाकघरात वास सुटलाय. एक तर ते राहील नाहीतर मी." मी गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलं. उन्हाळा होता. रोज पीठ-पाणी देत होतो, माझं मन रमत होतं. एका दुपारी जेवून पडलो, डोळा लागला. सावली सरकते, हे मला म्हातारपणी कळलं. वर गेलो तर तोच सुंदर वास.

आयुष्यात एकच चूक दोनदा करायलाही माणसात काहीतरी लागतं. पुढाऱ्यांना विचारतो, त्याला काय म्हणतात.

बायकोनं मडक्यात डोकावून बघितलं आणि पहिल्यांदाच त्या खमिराबद्दल चांगलं बोलली, "शिजलंय छान." मी तिच्याशी भांडलो नाही. डबा घासला आणि शहागंजात गेलो.

नारायण अजून कढईमागं बसतो. आता चष्मा लावून जिलब्या सोडतो, त्यामुळं वेटोळी थोडी वाकडी पडतात. माझ्या हातातला डबा त्यानं लांबूनच बघितला असणार. तरी मान वर केली नाही.

मी डबा पुढं केला. म्हणालो, "दे."

त्यानं हात पुसले, कढईशेजारच्या आपल्या मडक्यावरचं फडकं बाजूला केलं, मोठा गोळा काढून डब्यात टाकला. मी झाकण लावलं. शुक्रिया पार ओठांपर्यंत आला होता. गिळला. पाठ फिरवली आणि सरळ चालायला लागलो.

मागून त्याचा आवाज आला, मुद्दाम सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा.

"किती माजलाय बघा. साधं शुक्रिया म्हणायला जीभ झिजती."